स्फोटक ताकदीसाठी केटलबेल: व्यायाम कोणता निवडायचा, वजन किती घ्यायचं

पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यातले २० गुण लांब धावण्याचे, म्हणजे मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. उरलेले ३० गुण १०० मीटर आणि गोळाफेक यांचे, प्रत्येकी १५. असं असूनही सोलापुरात, मोहोळ-बार्शीकडे, मंगळवेढ्यात पहाटे मैदानावर उतरणारी बहुतेक पोरं तयारी करतात ती दमाची. रोज फेऱ्या, मग जोर-बैठका, मग पुन्हा फेऱ्या. त्याने १६०० मीटर सुधारतं. पण ७.२६० किलोचा गोळा हातातून सुटतो त्या क्षणी लागते ती ताकद वेगळी आहे. १०० मीटरचे पहिले वीस-तीस मीटरही त्याच ताकदीवर कापले जातात. कबड्डीतला चढाईवाला टाच फिरवून मधल्या रेषेकडे झेपावतो किंवा खो मिळताच पाटीवर बसलेला खेळाडू उसळी मारून उठतो, तेव्हाही तीच लागते.

ही ताकद वाढवायला केटलबेल, म्हणजे वर जाड हँडल असलेला लोखंडी गोळा, फार उपयोगी आहे. साधन छोटं, जागा कमी लागते, गच्चीवर किंवा तालमीच्या कोपऱ्यात काम होतं. मात्र व्यायाम आणि वजन चुकलं तर त्याच केटलबेलने फक्त घाम निघतो आणि कंबर दुखते. म्हणून इथे निवडीबद्दल सविस्तर लिहितो आहे.

आधी पॉवर म्हणजे काय ते

वर सांगितलेली स्फोटक ताकद म्हणजेच पॉवर, आणि पॉवर म्हणजे जोर गुणिले वेग. सोलापूरकरांना हे समजावायला गड्ड्याच्या यात्रेइतकं चांगलं उदाहरण नाही. संक्रांतीच्या दिवसांत सात नंदीध्वज, म्हणजे उंच, जड काठ्या, मिरवणुकीत निघतात. ते पेलणाऱ्या माणसाकडे प्रचंड ताकद असते, तोल असतो, चिकाटी असते, पण काम संथ असतं. गोळाफेकवाल्याला त्याच्या कितीतरी कमी वजन हलवायचं असतं, पण सेकंदाच्या आत. पहिल्या प्रकारची ताकद हा पाया आहे आणि तो लागतोच. दुसरी मात्र वेगळी शिकावी लागते आणि ती वेगातूनच येते.

शरीराच्या बाजूने बघा. अशा जोरदार कामाला स्नायू जे तात्काळ इंधन वापरतात, ते साधारण दहा सेकंद पुरतं. ते बऱ्यापैकी भरून यायला दीड-दोन मिनिटं लागतात, पूर्ण भरायला आणखी जास्त. पुढचे सगळे नियम यातूनच निघतात: सेट (न थांबता एका दमात केलेलं काम) छोटे, विश्रांती मोठी, आणि बेलचा वेग उतरला की सेट बंद. सलग पन्नास स्विंग (बेलला मांड्यांमधून छातीपर्यंत झोका) मारणं हा चांगला दमाचा व्यायाम आहे, पण त्यातले शेवटचे तीस-पस्तीस तुम्ही हळू मारलेले असतात, म्हणजे हळू मारण्याचाच सराव केलेला असतो.

हातात बेल घेण्याआधी तीन तपासण्या

पहिली तपासणी काठीची. एक सरळ काठी पाठीला लावा. ती डोक्याच्या मागे, खांद्यांच्या पात्यांमध्ये आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे. आता गुडघे जरासे सैल सोडून नितंब मागे ढकलत वाका. तिन्हींपैकी एकही जागा सुटली नाही तर तुम्हाला कंबरेऐवजी नितंबाच्या सांध्यातून वाकता येतं. सुटत असेल तर स्विंग अजून दूर आहे. दोन आठवडे केटलबेल डेडलिफ्ट (नितंबातून वाकून जमिनीवरची बेल उचलत सरळ उभं राहणं) करा, तेवढंच करा.

दुसरी, भिंतीला पाठ लावून उभं राहा आणि दोन्ही हात सरळ वर न्या. कंबर भिंतीपासून न उचलता दंड कानाजवळ आले पाहिजेत. येत नसतील तर डोक्यावर जाणारे व्यायाम सध्या बाजूला ठेवा, स्विंग आणि क्लीनवर (बेल खालून खांद्याशी आणणं) काम करा.

तिसरी, जागेवरून लांब उडी मारा आणि उतरताना आवाज ऐका. धप्प असा आवाज येत असेल, गुडघे आत पडत असतील, तर आधी उतरायला शिका. ज्याला थांबवता येत नाही त्याने वेग वाढवू नये.

रक्तदाब, हर्निया, सरकलेली चकती, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. भरतीची तारीख जवळ आली म्हणून हे टाळू नका.

व्यायामाची निवड

केटलबेलचे व्यायाम दोन गटांत मोडतात. संथ गटात डेडलिफ्ट, गॉब्लेट स्क्वॉट (बेल छातीशी धरून बैठक), प्रेस (खांद्यापासून डोक्यावर दाबणं), रो (वाकून बेल कमरेकडे ओढणं), गेट-अप (बेल हातात वर धरून, आडवं पडलेल्या अवस्थेतून उभं राहणं). हे पाया बांधतात. वेगवान गटात स्विंग, क्लीन, पुश प्रेस (पायांच्या झटक्याने दाबणं), जर्क (पायांच्या झटक्याने वर, मग बेलखाली बुडी), स्नॅच (खालून थेट डोक्यावर, एका झटक्यात). पॉवर या दुसऱ्या गटातून येते. एका दिवशी वेगवान गटातले दोनच व्यायाम घ्या. पाच-सहा घेतले की एकही नीट होत नाही.

सगळ्यांचा पहिला व्यायाम दोन हातांचा स्विंग. बेल मागे मांड्यांच्या मधून वर, जांघेच्या जवळून जाते. गुडघ्याखाली लोंबकळू द्यायची नाही. मग नितंब झटक्यात पुढे, उभं राहताना मांड्या आणि पोट घट्ट, आणि बेल आपोआप छातीच्या उंचीला तरंगते. हात दोरीसारखे सैल. वर पोचताना तोंडाने छोटा, जोरात श्वास सोडायचा. बेल डोक्यावर नेण्याचा प्रकार व्हिडिओंमध्ये दिसतो, पण पॉवरसाठी त्याची गरज नाही. त्यात खांदा आणि कंबर विनाकारण खर्च होतात.

हाताने उचलताय की नितंबाने, हे ओळखायला एक सोपी युक्ती आहे. हँडलमधून सोलापुरी टॉवेल दुहेरी ओवा, दोन्ही टोकं घट्ट धरा आणि हलक्या बेलने स्विंग मारा. वरच्या टोकाला टॉवेल आणि बेल हातांच्या सरळ रेषेत आले तर जोर नितंबांतून येतोय. बेल खाली लोंबत असेल तर तुम्ही खांद्याने ओढताय. टॉवेल जाड, न फाटलेला घ्या आणि समोर कोणी उभं नको.

१०० मीटरच्या तयारीसाठी मी स्विंगचा एक प्रकार सर्वांत वर ठेवतो: प्रत्येक वेळी जमिनीवरून सुरू होणारा, म्हणजे डेड-स्टॉप स्विंग. बेल पायांपुढे फूटभर अंतरावर ठेवायची. वाकून धरायची, मागे खेचायची, एकच स्विंग मारायचा आणि पुन्हा जमिनीवर पूर्ण थांबवायची. नेहमीच्या स्विंगमध्ये आधीच्या झोक्याची मदत मिळते. इथे दर वेळी शून्यातून जोर काढावा लागतो. धावण्याच्या सुरुवातीलाही तसंच असतं, आणि खो-खोत बसलेल्या अवस्थेतून उठतानाही.

गोळाफेकीसाठी एका हाताचा पुश प्रेस. बेल खांद्याजवळ, कोपर बरगडीला टेकलेलं. गुडघे थोडेसे, चार बोटं म्हणा, वाकवायचे आणि लगेच पायांनी जमीन ढकलायची. पायांतला जोर पोटातून वर आला की हात फक्त शेवट करतो. गोळा फेकतानाही जोराचा प्रवास असाच पायांपासून बोटांपर्यंत होतो, म्हणून हा व्यायाम तिथे थेट कामी येतो. ज्याचा गोळा फक्त दंडाच्या जोरावर जातो, त्याला पुश प्रेसमध्ये पायांचा उपयोग पहिल्यांदा कळतो.

क्लीन म्हणजे बेल खालून खांद्याशी आणणं. पुश प्रेसआधी तो यायलाच हवा. बेल शरीराजवळून वर यावी आणि मनगटाभोवती फिरून अलगद बसावी. दर वेळी कोपराखाली आपटून निळं पडत असेल, तर बेल अंगापासून लांब फिरते आहे. भिंतीकडे तोंड करून, दीड-दोन फुटांवर उभं राहून हलक्या बेलने सराव केला की ती सवय सुटते. कुस्तीवाल्यांनी पुढे दोन बेल घेऊन क्लीन करावा. समोरच्याला उचलताना नितंब, पाठ आणि पकड एकदम लागतात, आणि इथेही तसंच होतं.

स्नॅच सगळ्यात आकर्षक, म्हणून सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात हवा असतो. तो शेवटी घ्या. एका हाताचा स्विंग, क्लीन आणि डोक्यावर स्थिर पकड, हे तिन्ही पक्के झाल्यावर. भरतीला दोन महिनेच उरले असतील तर स्नॅच सोडून द्या, काही बिघडत नाही.

आता वजन

केटलबेल मूळची रशियातली. तिथल्या जुन्या मापात एक पूद म्हणजे सुमारे १६.३८ किलो. म्हणून १६, २४, ३२ (एक, दीड, दोन पूद) हे आकडे आजही दिसतात, मधे ४-४ किलोच्या पायऱ्या. आपल्या तालमींमध्ये दगडी नाल (उचलायचे जड दगड) असतात, त्यांच्यातही वजन ठरलेलं आणि माणसाने त्याच्यापर्यंत पोचायचं, अशीच रीत होती. त्यामुळे ‘मी किती किलोची उचलतो’ हा मान आपल्याकडे लवकर चिकटतो. पॉवरच्या सरावात तो बाजूला ठेवा.

वजन व्यायामानुसार बदलतं. एकाच माणसाला स्विंगला २४ किलो योग्य आणि पुश प्रेसला १६ योग्य, यात काही विचित्र नाही. दोन हातांच्या स्विंगसाठी आपल्या वजनाचा चौथा ते तिसरा हिस्सा ही सुरुवातीची ढोबळ मर्यादा धरा. ६० किलोच्या मुलाला १६, तंत्र बसल्यावर २०. ५० किलोच्या मुलीला १२, मग १६. अगदीच नवखी असेल तर शिकण्यापुरती ८. डेड-स्टॉप स्विंगला तेच वजन, कसलेल्या माणसाला एक पायरी वर. पुश प्रेसला ते वजन घ्या, जे तुम्ही पाय न वापरता नुसत्या हाताने पाचेक वेळा स्वच्छ दाबू शकता. क्लीनला पुश प्रेसचंच वजन किंवा एक पायरी वर. स्नॅचला स्विंगपेक्षा किमान एक पायरी खाली.

हे आकडे फक्त दार उघडतात. खरा निकाल मोबाईलचा स्लो मोशन कॅमेरा देतो. बाजूने चित्रण करा, दहा स्विंग मारा. पहिला आणि दहावा शेजारी-शेजारी बघा. दोन्हींत बेल तेवढीच वर गेली, उभं राहण्याचा झटका तेवढाच, पाठ तशीच, तर वजन योग्य. दहावा खाली आला, वर पोचल्यावर माणूस मागे रेलला, हात वाकले, तर वजन जास्त आहे. आणि बेल छातीच्या वर उडू पाहते आहे, तुम्हाला ती हाताने रोखावी लागते आहे, तर वजन कमी झालं, पुढची पायरी घ्या. ही चाचणी मला कोणत्याही तक्त्यापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटते, कारण ती त्या दिवशीच्या तुमच्या शरीराला विचारते.

जड की हलकं, यावर अभ्यासही झालेत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात ७० किलोखालच्या पुरुषांना १२ किलोची आणि त्यावरच्यांना १६ किलोची बेल दिली होती. आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे स्विंग. जागेवरून वर मारलेली उडी आणि अर्ध्या स्क्वॉटची (अर्ध्या बैठकीची) ताकद, दोन्ही वाढल्या. म्हणजे वेगाने हलवलेलं साधं वजनही काम करतं. त्याच संशोधकांनी सरावलेल्या पुरुषांवर १६, २४ आणि ३२ किलोची तुलना केली, तेव्हा जमिनीला दिलेला एकूण धक्का ३२ किलोला सर्वाधिक भरला. दोन्हींचा मिळून मी लावतो तो अर्थ असा: जडकडे जायचंच आहे, पण वेग सोबत घेऊन. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेच वजन दुप्पट वेगाने गेलं तर ऊर्जा चौपट. वजन दुप्पट केलं आणि वेग तोच राखला, तर फक्त दुप्पट.

पायरी चढताना टक्केवारी बघा. ८ वरून १२ म्हणजे एकदम ५० टक्के वाढ. १६ वरून २० म्हणजे २५ टक्के. २४ वरून २८ म्हणजे जेमतेम १७. म्हणून मुलींना आणि हलक्या वजनाच्या मुलांना सुरुवातीच्या पायऱ्याच सर्वांत अवघड जातात, त्यात त्यांचा दोष नाही. अशा वेळी सहा सेटपैकी पहिले दोन नव्या वजनाने मारा, उरलेले जुन्याने. दर आठवड्याला नव्याचा एक सेट वाढवा. नवे सेट सुरुवातीलाच, ताजेपणी.

विकत घेताना

शक्य असेल तर प्रत्यक्ष हातात धरून घ्या. प्लॅस्टिकच्या कवचात सिमेंट किंवा वाळू भरलेली बेल स्वस्त असते, पण आकाराने फुगीर. ती मांड्यांमधून नीट जात नाही आणि क्लीनमध्ये हातावर आपटते. जोरदार स्विंगमध्ये हँडलच्या जोडाचीही खात्री नसते. वजनाच्या मापाला किंवा सळईला वेल्डिंग करून बनवलेली बेल वेगवान व्यायामाला अजिबात वापरू नका. वेल्डिंग सुटलं तर लोखंड कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही.

एकसंध ओतलेली बिडाची बेल घरासाठी उत्तम. हँडलच्या आतल्या बाजूने बोट फिरवा. ओतकामाची धार लागत असेल तर कानशीने घासून घ्या, नाहीतर तळहात फाटतील. दोन्ही तळहात शेजारी बसले पाहिजेत, तळ सपाट हवा. काट्यावर वजन करून बघा, लिहिलेलं आणि खरं यात फरक निघतो. स्पर्धेची पोलादी बेल सगळ्या वजनांत एकाच आकाराची असते, त्यामुळे वजन बदललं तरी तंत्र बदलत नाही. ती महाग पडते. पैसे मोजके असतील तर मुलाने १६ आणि मुलीने ८ किंवा १२ घ्यावी, आणि तालमीतल्या चार-पाच जणांनी मिळून पुढच्या पायऱ्यांचा संच करावा. एकट्याने सगळा संच घेण्याची गरज नाही.

सोलापूरच्या हवेत

एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे सराव सकाळी सातच्या आत उरकावा. उन्हात ठेवलेली लोखंडी बेल हात भाजते. घामाने हँडल निसटतं, म्हणून खडूची पूड ठेवा आणि प्रत्येक सेटआधी हात पुसा. गच्चीवर करणार असाल तर गुळगुळीत फरशी टाळा, जुनी सतरंजी अंथरली तर ती सरकते. मातीचं किंवा मुरमाचं मैदान सर्वांत बरं. चप्पल नको. सपाट तळाचे बूट, नाहीतर अनवाणी. तळहाताला घट्टे आले तर अंघोळीच्या वेळी वज्रीने हलके घासा, ते उंच वाढू दिले की एक दिवस सोलून निघतात आणि आठवडा वाया जातो.

यंत्रमागावर किंवा कारखान्यात रात्रपाळी करून तयारी करणारे खूप जण आहेत. त्यांना मनापासून सांगतो: रात्रपाळी संपवून थेट स्विंगला उभे राहू नका. पॉवरच्या सरावाला मेंदू आणि नसा ताज्या लागतात. चार-पाच तास झोप काढून संध्याकाळी करा, सेट कमी झाले तरी चालतील.

आठवडा कसा मांडायचा

आठवड्यातून दोन दिवस पुरतात, सोमवार आणि गुरुवार धरू. केटलबेल आधी, धावणं नंतर किंवा वेगळ्या वेळी. १६०० मीटर मारून आल्यावर केलेला स्विंग दमाचाच होतो.

पहिले दोन आठवडे डेडलिफ्ट, गॉब्लेट स्क्वॉट, टॉवेलचा स्विंग आणि हलका क्लीन. घाई करू नका, पुढचं सगळं यावर उभं आहे. तिसऱ्या आठवड्यापासून एका दिवसाचं काम असं: दहा मिनिटं अंग गरम करणं, दोन-तीन हलक्या उड्या. मग डेड-स्टॉप स्विंग, ५ चे ६ सेट (म्हणजे ५ स्विंगचा एक सेट, असे ६), प्रत्येकानंतर दीड मिनिट थांबा. त्यानंतर पुश प्रेस, प्रत्येक हाताने ३ चे ५ सेट, तेवढीच विश्रांती. शेवटी संथ काम: गॉब्लेट स्क्वॉट ६ चे ३ सेट आणि एका हाताची रो ८ चे ३ सेट. गुरुवारी डेड-स्टॉपऐवजी सलग स्विंग, ८ चे ६ सेट. आठ स्विंगला बारा सेकंदांच्या आसपास लागतात, त्याहून लांबवू नका. दीड मिनिट नुसतं उभं राहणं पोरांना जड जातं, त्यांना वाटतं वेळ फुकट चालला. घड्याळ लावा आणि थांबा.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात कॅमेऱ्याची चाचणी घेऊन वजनाची पायरी चढा. रेप, म्हणजे एका सेटमधली संख्या, वाढवू नका. सातव्या आठवड्यापासून स्विंगच्या प्रत्येक सेटनंतर मिनिटभर थांबून एक लांब उडी किंवा गोळ्याची एक फेक जोडली तरी चालेल, म्हणजे केटलबेलमधला जोर खऱ्या कामाकडे वळतो. भरतीच्या मैदानी चाचणीच्या आठवड्यात वजन तेच ठेवून सेट निम्मे करा आणि शेवटचे दोन दिवस बेलला हात लावू नका.

दर दोन आठवड्यांनी जागेवरची लांब उडी मोजा, तीन प्रयत्नांतला सर्वांत चांगला आकडा वहीत लिहा. गोळाही तसाच. स्विंगचं वजन वाढतंय आणि उडी जागच्या जागी आहे, असं सलग दोनदा दिसलं तर वजन एक पायरी खाली आणा, विश्रांती दोन मिनिटांवर न्या आणि पुन्हा चित्रण करून बघा. उडी उलट कमी झाली असेल तर ती थकव्याची खूण आहे. त्या आठवड्यात एकच दिवस केटलबेल घ्या, निम्मे सेट करा, आणि धावण्याचं अंतरही कमी करा.